उजवीकडून उघडणारी शाळा

2023 सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. मराठवाड्यातल्या सरकारी कचेऱ्यांत आणि शाळांत तेव्हा जुन्या दप्तरांच्या गाठी सुटत होत्या. निजामकाळातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली होती. तहसीलचे कागद, भूमी अभिलेखाचे कागद निघाले, तसं शाळांचं दाखल-खारीज रजिस्टरही निघालं. एरवी या रजिस्टराची आठवण कुणाला? जन्मतारखेचा घोळ झाला किंवा टी.सी. हरवली तरच. आता मात्र गावोगावची माणसं आजोबा-पणजोबांचं नाव शोधत शाळेच्या पायऱ्या चढू लागली.

अशाच एका दुपारी हदगाव तालुक्यातल्या एका शिक्षक मित्राचा फोन आला. "कविराज, जुनं रजिस्टर सापडलंय. सगळं उर्दूत. तुमच्या घरची भाषा ती. जरा येऊन वाचून द्या."

मी गेलो. मित्रानं लाल कापडात बांधलेलं रजिस्टर टेबलावर ठेवलं आणि नेहमीच्या सवयीनं डावीकडून उघडलं. पान कोरं. पुढचंही कोरं. मी म्हटलं, "अहो, हे उजवीकडून उघडतं." तो हसला. रजिस्टर फिरवलं आणि पहिलं पान उघडलं. माझी हुशारी तिथंच संपली. शिकस्त वळणाचं ते भरभर लिहिलेलं अक्षर मला लागेना. लहानपणी मशिदीत मौलवीसाहेबांकडे कुराण वाचण्यापुरती अक्षरं शिकलो. घरात बोली दखनी. पण पाटीवर पहिलं अक्षर गिरवलं ते देवनागरी, आणि आयुष्यभर कविता लिहिली ती मराठीत. एखादं 'वल्द' लागायचं, एखादा आकडा लागायचा, बाकी सगळं धुकं. मित्र अपेक्षेनं माझ्याकडे बघतोय आणि मी रजिस्टराकडे, अशी अवस्था झाली.

शेवटी आम्ही ते रजिस्टर घेऊन गावातल्या एका निवृत्त गुरुजींकडे गेलो. वय नव्वदीच्या पुढं. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. कपाळाला गंध, हातात ज्ञानेश्वरी. त्यांनी चष्मा पुसला, रजिस्टर मांडीवर घेतलं आणि आजचं वर्तमानपत्र वाचावं तसं खडाखडा वाचायला लागले. मुलाचं नाव, बापाचं नाव, कौम, पेशा, दाखल झाल्याची तारीख. "अमरदाद 1351 फसली," नाना म्हणाले, "म्हणजे 1942 चा जून. लिहून घे."

शेख आडनावाच्या माणसाला उर्दू वाचता येईना आणि ज्ञानेश्वरी वाचणाऱ्या नानांना ती मातृभाषेसारखी यावी, हे कसं घडलं? आमच्याकडच्या हायस्कुलांचा सगळा इतिहास या एका प्रश्नात आहे.

हदगाव हे नांदेड जिल्ह्याचं उत्तरेकडचं तालुक्याचं गाव. नांदेडहून नागपूरच्या रस्त्याला लागलं की अर्धापूर, वारंगा फाटा आणि मग हदगाव. आणखी पुढं गेलं की पैनगंगा. तिच्यावरचा पूल ओलांडला की विदर्भ, उमरखेड. आज एस.टी.नं आपण कधी ओलांडतो ते कळतही नाही. पण 1948 पर्यंत ही नदी म्हणजे दोन राज्यांची हद्द होती. अलीकडे निजामाचं हैदराबाद संस्थान, पलीकडे इंग्रजांच्या कारभाराखालचा वऱ्हाड. गंमत अशी, की वऱ्हाडही कागदोपत्री निजामाचाच. 1853 मध्ये तो इंग्रजांकडे गेला, 1902 मध्ये कायमचा भाडेपट्टा झाला. तरी 1936 पासून निजामाच्या थोरल्या मुलाला 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणवून घेण्याची मुभा होती. किताब अलीकडे आणि कारभार पलीकडे. पण मुलांच्या दृष्टीनं खरा फरक वेगळाच होता. पलीकडच्या शाळेत मराठीला मान होता. अलीकडे मराठी चौथीपर्यंत सोबत यायची आणि मग शाळेच्या दाराबाहेर थांबायची.

निजामी शिक्षणाच्या तीन पायऱ्या जुन्या माणसांना अजून पाठ आहेत: तहतानिया, वस्तानिया, फौकानिया. म्हणजे प्राथमिक, माध्यमिक आणि हायस्कूल. शिक्षक तो मुदर्रिस, मुख्याध्यापक तो सदर मुदर्रिस, तपासणीला येणारा साहेब तो मोहतमिम तालिमात. वर्षं फसली सनाची. सन ऑक्टोबरात बदलायचा, महिने आजर, दै, बहमन अशा फारसी नावांचे. फसली सनात 590 मिळवायचे, आणि महिना जानेवारी किंवा त्यानंतरचा असेल तर 591, की इसवी सन हाती येतो. फी हाली सिक्क्यात. तालुक्याच्या गावात बहुधा वस्तानियापर्यंत सोय असायची. त्यापुढं शिकायचं तर जिल्ह्याचं गाव गाठायचं. कुणा नातेवाइकाच्या ओसरीवर राहायचं, नाही तर वार लावून जेवायचं.

उर्दूचा हा कारभार एका दिवसात आला नव्हता. संस्थानाच्या दरबारात आधी फारसी होती. 1884 च्या सुमारास तिची जागा उर्दूनं घेतली. पुढं मीर उस्मान अली खान यांच्या काळात, 1918 मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं आणि पदवीपर्यंतचं सगळं शिक्षण उर्दूतून सुरू झालं. हे काम लहान नव्हतं. सगळ्या देशात उच्च शिक्षण इंग्रजीतून चाललेलं असताना इथं भाषांतराचं स्वतंत्र खातं उघडलं गेलं आणि गणित, रसायन, कायदा, वैद्यक असे विषय एका भारतीय भाषेत आणले गेले. मातृभाषेतून ज्ञान द्यावं, हा विचार उत्तमच. प्रश्न एवढाच, की कुणाच्या मातृभाषेतून? संस्थानातले जवळपास निम्मे लोक तेलुगू बोलत, सुमारे चौथाई मराठी बोलत, कन्नड बोलणारेही मोठ्या संख्येनं होते. उर्दू ज्यांच्या घरची, ते दहात एखादा. आणि त्या एकातही खेड्यातला माझ्या आजोबांसारखा मुसलमान शेतकरी धरला, तर त्याच्या घरची भाषा दखनी आणि बाजारची मराठी. विद्यापीठाची उर्दू त्यालाही परकीच होती.

नाना सांगतात, "चौथीपर्यंत मी वर्गात पहिला. पाचवीत गेलो नि मुका झालो. गणित येत होतं रे, पण सवाल काय विचारलाय तेच कळेना. मुदर्रिसांनी मला वर्षभर शाळा सुटल्यावर थांबवून घेतलं. अलिफपासून शिकवलं. माणूस मुसलमान होता, पण फी घेतली नाही." 'पण' हा शब्द उच्चारून नाना क्षणभर थांबले आणि म्हणाले, "पण नको लिहूस. माणूस मुसलमान होता. फी घेतली नाही."

ज्यांना हा मुकेपणा मान्य नव्हता त्यांनी स्वतःच्या शाळा काढल्या. 1907 मध्ये गुलबर्ग्याचं नूतन विद्यालय आणि हैदराबादची विवेकवर्धिनी, 1915 मध्ये औरंगाबादची सरस्वती भुवन, 1921 मध्ये हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा. खासगी शाळेला आधी सरकारी परवानगी लागे आणि ती मिळवणं सोपं नसे. हिप्परग्याच्या शाळेत शिकवायला आलेले व्यंकटेश भगवानराव खेडगीकर पुढं स्वामी रामानंद तीर्थ झाले. 1935 मध्ये ते अंबाजोगाईच्या योगेश्वरी नूतन विद्यालयात आले आणि नंतर हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. मराठवाड्याचा हा लढा शाळामास्तरांनी उभा केला, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. 1938 मध्ये औरंगाबादच्या कॉलेजात आणि मग हैदराबादला उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. त्यांना काढून टाकलं गेलं, तेव्हा नागपूर विद्यापीठानं त्यातल्या अनेकांना आपल्याकडे घेतलं. त्यांच्यासाठीही वाट पैनगंगेपलीकडेच होती.

1947 च्या ऑगस्टात स्टेट काँग्रेसचं आंदोलन सुरू झालं तेव्हा मुलांनी शाळा सोडल्या. सरहद्दीपलीकडे मुक्तिसैनिकांची केंद्रं उभी राहिली, त्यातलं एक उमरखेडला होतं. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली. भीतीनं कितीतरी कुटुंबं रातोरात नदी ओलांडून वऱ्हाडात गेली. नानांचं कुटुंबही गेलं. त्या वर्षीची रजिस्टराची पानं बघितली तर 'खारीज' असा शेरा ओळीनं दिसतो.

मग 1948 चा सप्टेंबर आला. फसलीचा आबान महिना, सन 1357. 13 तारखेला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या आणि 17 तारखेला निजाम शरण आला. मराठवाडा मुक्त झाला. त्या मुक्तीचा आनंद माझाही आहे, कारण ती आली नसती तर मी आज मराठीतून तुमच्याशी बोलत नसतो. पण इतिहास सांगायचा तर पुढचं वाक्यही सांगायला हवं. त्यानंतरच्या आठवड्यांत रझाकारांच्या पापाचा हिशेब अनेक ठिकाणी निरपराध मुसलमानांकडून चुकता केला गेला. केंद्र सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं उस्मानाबाद, म्हणजे आजचं धाराशिव, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वांत जास्त झळ पोहोचल्याचं नोंदवलं. आता रजिस्टरात दुसऱ्या नावांपुढं 'खारीज' आलं. काही मुलं परत आली. काहींच्या ओळी तशाच राहिल्या.

माझे अब्बा तेव्हा सातवीत होते. अब्बांची गोष्ट नानांच्या गोष्टीची उलटी बाजू आहे. माध्यम बदललं, पुस्तकं बदलली, फळ्यावरची अक्षरं डावीकडून चालू लागली. अब्बा म्हणायचे, "एका सुट्टीत मी अडाणी झालो. सुट्टी लागली तेव्हा मला वाचता येत होतं. शाळा उघडली तेव्हा येईना." त्यांना शाळा सुटल्यावर थांबवून घेणारं कुणी भेटलं नाही, असं मी म्हणणार नाही. त्या वर्षी कुणी कुणासाठी थांबेल असे दिवसच नव्हते. ते शिवणकामाला लागले. त्यांच्या मापाच्या वहीत गावातल्या पाटील-देशमुखांपासून सगळ्यांची नावं होती, आणि छाती, कंबर, उंची हे सगळे आकडे उर्दूत. ती वही त्यांच्याशिवाय कुणाला वाचता येत नसे. मला शाळेत घालायची वेळ आली तेव्हा मोहल्ल्यात चर्चा झाली, उर्दू की मराठी? अब्बांनी मशिनवरून मान वर न करता सांगितलं, "जिथं वरपर्यंत जाता येतं तिथं घाला. मधेच मुकं व्हायला नको."

दोन वेळा वरून हुकूम आला आणि दोन वेळा अर्धा वर्ग मुका झाला. पहिल्यांदा नाना, दुसऱ्यांदा अब्बा. दोन्ही प्रसंग सारखे होते, असं मला म्हणायचं नाही. पहिला हुकूम बहुसंख्यांची भाषा बाजूला सारणारा होता, दुसरा तिला तिची जागा परत देणारा. दुसरा न्यायाचाच होता. पण तेरा वर्षांच्या मुलाला न्याय-अन्याय कळायच्या आधी फळा कळावा लागतो.

त्यानंतरची पानं मात्र आनंदानं वाचावीत अशी आहेत. 1950 मध्ये नांदेडला पीपल्स कॉलेज निघालं आणि पदवीधर शिक्षक जिल्ह्यातच तयार होऊ लागले. 1956 च्या नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, 1962 मध्ये जिल्हा परिषदा आल्या. पश्चिम महाराष्ट्रात हायस्कूल म्हटलं की खासगी संस्था आठवते. आमच्याकडे सरकारी शाळांचा वारसा निजामी राज्यातून आलेला, त्यामुळं मराठवाड्यात तालुक्याचं मोठं हायस्कूल म्हणजे जिल्हा परिषदेचं, हेच समीकरण अनेक वर्षं राहिलं. दगडी किंवा कौलारू इमारत, मोठं मैदान, कडुनिंबाची झाडं आणि घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. 1959 मध्ये ई.बी.सी.ची सवलत सुरू झाली आणि फी भरू न शकणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगाही वरच्या वर्गात दिसू लागला. 1956 च्या धर्मांतरानंतर जातीच्या रकान्यात 'बौद्ध' हा शब्द आला. नाना सांगतात, तो शब्द काही पालक स्वतः उभं राहून लिहवून घेत. मग मुलींची नावं वाढली. 1986 मध्ये राज्यानं मुलींना बारावीपर्यंत शिक्षण मोफत केलं. आमच्या गल्लीतून हायस्कूलच्या दारात गेलेली पहिली मुलगी माझी धाकटी बहीण.

मी हायस्कूलात होतो तो 1980 च्या दशकाचा काळ. आमच्या मराठीच्या सरांनी एकदा वर्गात विचारलं, "रोज शाळेत काय काय घेऊन येता?" मुलं सांगू लागली. सर फळ्यावर लिहीत गेले: दप्तर, कागद, शाई, दौत. मग म्हणाले, "आल्यावर काय देता? हजेरी. सोडून जाताना काय नेता? दाखला." सहा शब्द झाले. सर माझ्याकडे वळले. "हे सगळे अरबी-फारसीतून आलेले पाहुणे. आता घरचेच झालेत. कुणी त्यांना परत जा म्हणतं का?" वर्ग हसला. मीही हसलो. मी मराठीत लिहू शकतो, हे मला त्या दिवशी कळलं. कवितेचं सगळं शिक्षण पुढं झालं, पण परवानगी त्या तासाला मिळाली.

हुकमानं आलेल्या भाषेचंही सोनं करणारी माणसं या मातीत झाली. आजच्या लातूर जिल्ह्यातल्या निलंग्याला 1910 मध्ये जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या सनदी सेवेत होते. उर्दू आणि फारसी त्यांनी अशी आत्मसात केली, की मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधनं त्यांनी मराठी वाचकाच्या हाती दिली आणि गालिब, इक्बालही मराठीत आणले. सक्ती वाईटच. पण सक्तीनं आलेली भाषा रागानं फेकून न देता तिच्यातून घरात काहीतरी आणणारा माणूस मोठा.

आज तालुक्याच्या गावात सकाळी पिवळ्या बस फिरतात. 2012 च्या कायद्यानं स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा मार्ग मोकळा झाला, इंग्रजी शाळा गावोगाव झाल्या. जुन्या हायस्कुलांतही सेमी इंग्रजीचे वर्ग आले. भाषा तिसऱ्यांदा बदलते आहे. या वेळी फर्मान नाही, फौज नाही. आपणच रांगेत उभं राहून, पैसे भरून बदलतो आहोत. पालकांना मी दोष देणार नाही. माझे अब्बा जे म्हणाले तेच ते म्हणतात, जिथं वरपर्यंत जाता येतं तिथं घाला. माझी मागणी साधी आहे. या वेळी तरी वर्गातला कुणी मुका होणार नाही, एवढं बघा. सवाल न कळणारं लेकरू दिसलं तर शाळा सुटल्यावर त्याला थांबवून घेणारा एक मुदर्रिस प्रत्येक हायस्कूलात असू द्या. इमारत, फळा, माध्यम हे सगळं नंतरचं.

आणि दुसरी मागणी त्या रजिस्टराची. समितीचं काम झालं, हव्या त्या नोंदी टिपून झाल्या, लाल कापड पुन्हा बांधलं गेलं. पण त्यात फक्त जातीचा रकाना नाही. कोण कुठल्या खेड्यातून चालत आला, कुणाचा बाप काय करत होता, कोण कुठल्या वर्षी गळला आणि कुणाची पोरगी पहिल्यांदा शाळेत आली, हे सगळं त्यात आहे. गावाचा असा इतिहास दुसरीकडे मिळणार नाही. तो वाचता येणारी माणसं आता नव्वदीत आहेत. दरेक हायस्कूलनं दोन-चार मुलं त्यांच्याजवळ बसवली, पानापानाचं मराठीत लिहून घेतलं, तर एका वर्षात काम होईल. त्यांच्यानंतर हे रजिस्टर डावीकडून उघडा की उजवीकडून, पानं सारखीच कोरी दिसतील.

मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. रविवारी दुपारी नानांकडे जातो. शेजारची पोरं खिडकीतून बघून हसतात. गंध लावलेले नाना मला उर्दू शिकवतात आणि मी पन्नाशीत पुन्हा पाटी घेऊन बसतो. परवा त्यांनी रजिस्टराच्या झेरॉक्सवरच्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हे तू वाच." मी वाचलं. चुकलं. त्यांनी दुरुस्त केलं. मग पुढच्या ओळीवर बोट ठेवलं.

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)